पाण्याखालचा देश

रुख्मिणीला पाहायला तिरोड्याचे पाहुणे यायचे होते त्या दिवशी सकाळपासून शामकला एक शब्द बोलली नव्हती. सात वर्षांची पोर, एरवी तिचं तोंड मिटायचं नाही. पण त्या दिवशी माय अंगणात सडा घालत होती, भाऊ टिकाराम ओसरीत बाजा ओढून मांडत होता, आणि ही आतल्या खोलीत ढोलीच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. धान साठवायची ती बांबूची ढोली माणसाच्या उंचीची होती. ती आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत रुख्मिणीचं पुस्तक लपवून ठेवलेलं असे.

"शामी, ऊठ ना," तिची थोरली बहीण रुख्मिणी म्हणाली. "माय रागावन."

शामकलानं मान वर केली नाही. रुख्मिणीला तिची समजूत काढायला वेळ नव्हता. तिचे केस ओले होते, आणि लुगड्याच्या निऱ्या पुन्हा पुन्हा सुटत होत्या. पंधरावं सरत आलं होतं तिला. या आधी दोन ठिकाणचे लोक येऊन पाहून गेले होते. दोन्हीकडून निरोप आला तो एकाच अर्थाचा: पोरगी चांगली आहे, पण फार शिकलेली दिसते.

फार म्हणजे किती, तर गोंदियाला मामाकडे राहून चार वर्षं शाळा. मामा तिथं तांदळाच्या गिरणीत मुकादम होता. शाळेत सुशिलाबाई म्हणून एक मास्तरीण होत्या. शाळा सुटल्यावर त्या दोन-तीन मुलींना थांबवून घ्यायच्या आणि इंग्रजी शिकवायच्या. मामा वारला, रुख्मिणीला गावी परत यावं लागलं, तेव्हा सुशिलाबाईंनी आपल्या लहानपणचं एक पुस्तक तिच्या हातात ठेवलं. तपकिरी पुठ्ठा, कोपरे झिजलेले, आणि पुठ्ठ्यावर घराच्या शेंड्यावर उभा असलेला लोखंडी कोंबडा.

"सगळं समजलं नाही तरी वाचत राहा," बाई म्हणाल्या होत्या. "पुढचं पान मागच्या पानाचा अर्थ सांगतं."

अर्जुनी मोरगावहून दोन कोसांवरच्या त्या गावात इंग्रजी येणारं दुसरं कुणी नव्हतं. दुसरी सोयरिक फिसकटली तेव्हा यादोराव पाटलांनी, म्हणजे रुख्मिणीच्या बापानं, बजावलं होतं की ते पुस्तक कुणाला तरी देऊन टाक. रुख्मिणी हो म्हणाली आणि पुस्तक ढोलीमागे गेलं. मायला ते ठाऊक होतं. ती त्याबद्दल नवऱ्याशी बोलली नाही आणि पोरीशीही बोलली नाही.

पुस्तक होतं तीन भावंडांचं. थोरली बहीण, मधला भाऊ, धाकटी बहीण. अगदी यांच्यासारखी. ती आजोबांच्या टेकडीवरच्या घरी राहायला जातात. घराच्या शेंड्यावर वारा दाखवणारा कोंबडा असतो. एके दिवशी धाकटी कौलांवर चढते आणि कोंबडा तिच्याशी बोलतो. वारा ज्या दिशेचा असेल त्या दिशेच्या देशात तो भावंडांना नेतो. पूर्वेच्या देशात माणसांच्या सावल्या बाजारात विकायला असतात, दक्षिणेच्या देशात झाडं रात्री चालतात. पण वारा बदलला की कोंबडा तीनदा ओरडतो, "वारा फिरला, वारा फिरला, घरी चला!" त्या वेळी हातातलं असेल ते टाकून धावायचं. जो मागे राहील तो तिथलाच होतो.

दुपारी माय कलंडली, बाबा शेतावर गेले, की तिघं ढोलीजवळ बसायची. रुख्मिणी एक ओळ मनात वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. दर पानावर सात-आठ शब्द तरी असे असत की तिचं घोडं अडे. नाल्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे जावं तशी ती पुढे जाई. मधलं पाणी किती खोल होतं ते तिलाच माहीत.

उत्तरेच्या देशाशी मात्र ती थांबली. तिथं सगळीकडे बर्फ होता. बर्फ म्हणजे काय हे सांगता सांगता तिची पुरेवाट झाली. टिकारामनं गोंदियाच्या स्टेशनावर मासोळ्यांच्या पेटीत एकदा बर्फ पाहिला होता. तो नाक मुरडून म्हणाला, "मंग त्या देशाले लय वास येत असन." शामकला खदखदून हसली आणि देशाची सगळी रया गेली.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीनं तो देशच बदलून टाकला. उत्तरेला बर्फ नव्हता, तलाव होता, आणि तलावाखाली एक देश. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटात दगडी दार. त्यातून सरपटत गेलं की पाण्याची राणी भेटते आणि आलेल्याचं एक मागणं पुरवते, फक्त एकच. हे सगळं ती पुस्तक उघडं धरून, पानावर नजर ठेवून सांगत होती. पानावर त्यातलं एक अक्षरही नव्हतं. शामकलाचे डोळे इतके मोठे झाले की रुख्मिणीला थांबवेना. चार दुपारी तो देश चालला. पुस्तकातले देश त्याच्यापुढे फिके पडले, आणि शामकला, थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची, रोज तेच मागू लागली: "बाई, पान्याखालचा सांग."

रुख्मिणीला त्या दिवसांत मोठी मजा वाटली होती. थोडी चोरीही वाटली होती.

पाहुणे दहाच्या सुमाराला आले. मुलाचा बाप मनिराम, त्यांचा मेव्हणा, आणि मध्यस्थ. मुलगा बालाघाटला नोकरीवर होता, तो आला नव्हता. मनिराम अंगानं धिप्पाड, बोलणं मोजकं. आल्या आल्या त्यांनी गोठा पाहिला, विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं, मग ओसरीवर बसले.

माय रुख्मिणीच्या कानाशी लागली. "इचारलं तं सांगजो, पोथी वाचते. इंग्रजीचं नाव काढू नोको. समजलं ना?"

"हो."

"दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा नोको."

रुख्मिणी पाट मांडून खाली मान घालून बसली. नाव काय, सैपाक येतो का, धानाचा रोवणा करता येतो का, असे प्रश्न झाले. मग मनिराम म्हणाले, "वाचता येते म्हनतेत."

"येते."

"काय वाचता?"

"पोथी."

मनिराम काही वेळ तिच्याकडे पाहत राहिले. रुख्मिणीला वाटलं, त्यांना ठाऊक आहे. आत्ता म्हणतील, आणखी काय वाचता.  पण त्यांनी नुसतं "हं" केलं आणि यादोरावांकडे वळून धानाची गोष्ट काढली.

जेवणं झाली. रुख्मिणी आत येऊन मायसोबत भांडी आवरू लागली. पानसुपारीचं तबक घ्यायला ती आतल्या खोलीत गेली. ढोलीच्या आडोशाला शामकला नव्हती. सवयीनं तिचा हात फटीत गेला. हाताला नुसती भिंत लागली. तिनं खांद्यापर्यंत हात घातला, मग दुसऱ्या बाजूनं घातला. पुस्तक नव्हतं.

टिकाराम मागच्या पडवीत भाताची खरवड खात बसला होता.

"शामी कोठं आहे?"

"मले काय माहीत. जेवाले नाई आली. मले वाटलं तुयापाशी आहे."

"पुस्तक तू घेतलं?"

"नाई ना." खरवड चघळता चघळता तो थांबला. "काल मले इचारत होती, का राणी लगन मोडते का म्हनून."

"मंग? तू काय सांगतलं?"

"मी म्हनलं, जे मांगशीन ते देते. तूच तं सांगतलं होतं."

रुख्मिणी तिथंच उभी राहिली. उन्हात भिजत घातलेल्या भांड्यांवर माशा घोंघावत होत्या. ओसरीवरून मध्यस्थाचं हसणं ऐकू येत होतं.

पाळीच्या पोटातलं दगडी दार तिनं हवेतून आणलं नव्हतं. गावच्या तलावाला पाणी सोडायची जुनी दगडी मोरी होती. पाळीखालून आरपार जाणारी, बाहेरच्या अंगाला कालव्यात उघडणारी. गावात तिला तुडुम म्हणत. तलावाच्या अंगानं तिचं तोंड लाकडी डट्ट्यानं बंद असे. कालव्याच्या अंगानं ते सताड उघडं. लहान पोर वाकून आत शिरेल एवढं. दार सांगताना तिच्या डोळ्यांपुढे तेच होतं.

आणि आज शुक्रवार होता. वैशाखात तलाव खाली गेला की सोमवारी आणि शुक्रवारी ढोरांसाठी कालव्यात पाणी सोडत. सुकराम ढिवर पाण्यात उतरून डट्टा काढायचा. उन्हं कलायच्या आत.

तिनं टिकारामला म्हटलं, "मागून जा. धावत जा, तुडुमापाशी पाह्य." तो उठला, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच तिला कळलं की हे पोर घाबरून अर्ध्या वाटेत कुणाला काही सांगू शकणार नाही. आणि सुकराम पाटलाच्या पोराचं ऐकणार नाही. पाटलाचंच ऐकेल.

ओसरीपर्यंत दहा पावलं होती. तेवढ्यात तिच्या मनात सगळं येऊन गेलं. पोरगी कदाचित शेजाऱ्याकडे असेल. पुस्तक घेऊन चिंचेखाली बसली असेल. मी चार माणसांत जाऊन बोलले आणि ती चिंचेखाली निघाली, तर मायचं तोंड मी कसं पाहू? मग तिला दगडी मोरीतला काळोख दिसला, आणि ती उंबरठा ओलांडून बाहेर आली. हातात तबक नव्हतं. डोक्यावरचा पदर घसरला होता.

"बाबा, शामी तुडुमात गेली."

यादोराव हसत होते, ते हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं. "काय?"

"तुडुमात गेली शामी. आज शुक्रवार आहे. सुकराम पानी सोडन."

"तुले कोन सांगतलं?"

"कोनी नाई. मीच तिले सांगतलं होतं, तिथं दार आहे म्हनून. पुस्तकातलं आहे म्हनून सांगतलं."

"कोनतं पुस्तक?"

"इंग्रजी. मी दिलं नोतं कोनाले. घरीच होतं."

आतून मायचा "अगं बाई" असा आवाज आला. मध्यस्थानं पान चघळणं थांबवलं. यादोराव उठले ते वहाण न घालताच. मनिरामही उठले.

तलाव गावाबाहेर दोन शेतं ओलांडून होता. तापलेल्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, रुख्मिणी अनवाणी धावत होती. पायांना भाजतंय हे तिला कळत नव्हतं. नवं लुगडं दोन ठिकाणी काट्यांत अडकून फाटलं. पुढे बाबा, त्यांच्यापुढे टिकाराम. पाळ दिसू लागली तेव्हा तिला पाण्यात छातीपर्यंत उभा असलेला माणूस दिसला. दगडी खांबाला एका हातानं धरून तो खाली वाकत होता.

"सुकराम! ए सुकराम! थांब!"

यादोरावांचा आवाज वाऱ्यात गेला. सुकराम वाकला, पाण्याखाली गेला, वर आला, तोंड पुसलं, पुन्हा गेला. टिकाराम पाळीवर चढून हात हलवत ओरडत होता. सुकराम वर आला आणि त्यानं पाहिलं.

"काय झालं पाटील?"

"काढू नोको! पोट्टी आहे आत!"

सुकरामचा चेहरा फिरला. "डट्टा हालला आहे पाटील! पानी जाऊन राहिलं." तो पुन्हा खाली गेला आणि या वेळी बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा दम लागला होता. "दाबून धरतो पायानं. किती वेळ राहील सांगता येत नाई. लवकर करा."

ते सगळे पाळ उतरून कालव्यात आले. तुडुमाच्या तोंडातून पाण्याची बारीक धार सुरू झाली होती. तोंडाजवळच्या गाळात लहान पावलांचे ठसे होते, सगळे आत जाणारे. धार त्यांच्यावरून वाहत होती आणि एकेक ठसा पुसला जात होता.

यादोराव आडवे झाले आणि आत डोकं घातलं. खांदे अडकले. "शामकला! ए शामकला! बाहेर ये ना!"

त्यांचाच आवाज परत आला. माय पोचली होती. तिनं नवऱ्याला बाजूला सारून आत तोंड घातलं आणि रडत रडत हाका मारल्या. काही नाही. टिकाराम कमरेपर्यंत आत शिरला आणि मागे आला. "पुढं वाकडं आहे. दिसत नाई काई."

"साप असन," मेव्हणा हळूच म्हणाला. मनिरामांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो गप्प झाला.

"पाटील, लवकर करा!" पाळीच्या पलीकडून सुकराम ओरडला.

धार आता मनगटाएवढी झाली होती. रुख्मिणी गाळात गुडघ्यांवर बसली होती. पोरगी ऐकत नाही असं होणार नव्हतं. मोरी एवढी लांब नव्हती. मग ओ का देत नाही? आणि एकदम तिच्या ध्यानात आलं. तिनंच सांगितलं होतं. दारातून आत गेलं की मागून हाका येतात. बापाच्या आवाजात येतात, मायच्या आवाजात येतात. त्या राणीच्या पहारेकऱ्यांच्या असतात. ओ दिली की दार मिटतं. असं सांगताना तिनं स्वतःच मायचा आवाज काढून हाक मारून दाखवली होती, आणि शामकला आनंदानं शहारली होती.

आत काळोखात बसून ती पोर दातांवर दात रोवून गप्प होती. शहाण्यासारखी.

रुख्मिणी पुढे सरकली. मोरीच्या तोंडाशी दोन्ही हात टेकले. मागे मनिराम उभे होते, मध्यस्थ होता, धुऱ्यावर गावची पाच-सात माणसं जमली होती.

"वारा फिरला!" ती ओरडली. "वारा फिरला, घरी चला!"

"वेडी झाली का काय ही?" कुणीतरी म्हणालं.

आतून आवाज नाही. तिनं श्वास घेतला. "वारा फिरला! वारा फिरला, घरी चला!" या वेळी आवाज फाटला. यादोराव तिचा दंड धरून ओढू लागले. तिनं हात झिडकारला. बापाचा हात तिनं जन्मात पहिल्यांदा झिडकारला होता.

"वारा फिरला! शामी, वारा फिरला, घरी चला!"

पाण्याच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. काहीतरी घासत होतं. मग उपडे, मागे मागे सरकत येणारे पायांचे दोन तळवे दिसले, मग चिखलानं भरलेला परकर. यादोरावांनी पाय धरून तिला बाहेर खेचलं. गुडघा सोलला होता, केसांत कोळिष्टकं होती, आणि छातीशी दोन्ही हातांनी पुस्तक धरलेलं होतं.

तिनं कुणाकडेच पाहिलं नाही, फक्त रुख्मिणीकडे. "काऊन बोलावलं तू? मी अजून मांगतलंच नोतं."

मायनं तिला एक धपाटा घातला, आणि लगेच असं पोटाशी धरलं की पोरीला श्वास घेता येईना. टिकारामनं पाळीवर चढून सुकरामला हात केला. सुकरामनं डट्टा सोडला असावा, कारण सगळे काठावर चढतात न चढतात तोच आतून घुमल्यासारखा आवाज आला आणि मोरीचं तोंड भरून पाणी बाहेर पडलं. गाळ, पानं, काड्या घेऊन ते कालव्यातून गेलं. सगळे पाहत उभे राहिले. 

मग मनिराम म्हणाले, "पाहू ते पुस्तक."

यादोरावांनी शामकलाच्या हातातून ते ओढून घेतलं आणि खाली मान घालून पुढे केलं. मनिरामांनी पानं उलटली. त्यांनी पुस्तक उलटं धरलं होतं. कोंबड्याचं चित्र पाहून ते सुलट केलं.

"यातलं सारं समजते?" त्यांनी रुख्मिणीला विचारलं.

"नाई. अर्धं समजते. बाकी मी मनानं सांगते."

"मघा तं पोथी म्हनलं."

"पोथी बी वाचते. पन हे लपवलं."

मनिरामांनी पुस्तक परत दिलं. "चला यादोरावजी, आमाले गाडी धरायची आहे. कळवतो मंग." एवढंच. मेव्हणा आणि मध्यस्थ त्यांच्यामागून निघाले, आणि बैलगाडी अर्जुनीच्या वाटेला लागली.

घरी आल्यावर यादोरावांनी पुस्तक आपल्या लोखंडी पेटीत टाकलं आणि किल्ली मायकडे दिली. रुख्मिणीला ते बोलले नाहीत, आणि मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. पुढचे पंधरा दिवस घरात सगळे हळू आवाजात बोलत. दारात कुणी आलं की मायचा हात थांबे. रुख्मिणी दळताना, पाणी भरताना एकच विचार करी. मोरीत पाणी मनगटाएवढं झालं होतं. मी ओसरीपर्यंतच्या दहा पावलांत आणखी दहा पावलं विचार केला असता तर? झोपेत ती मोरीत हात घाली आणि हाताला भिंत लागे.

सोळाव्या दिवशी मध्यस्थ आला. होकार घेऊन आला. यादोरावांना खरं वाटेना.

"मी बी इचारलं," मध्यस्थ म्हणाला. "मनिरामजी म्हनते, पोरीनं ते लपवून ठेवलं असतं तं पोट्टी गेली असती. चार मान्सांत येऊन सोताच्या तोंडानं सांगतलं. असं मानूस घरात पाह्यजे."

माय पदर डोळ्यांना लावून आत गेली. रुख्मिणी चुलीपुढे होती. तिला आनंद झाला की नाही ते तिचं तिलाच कळलं नाही. छातीवरचा एक दगड उतरला आणि तिथंच दुसरा येऊन बसला.

शामकलानं मात्र त्या दिवसापासून ताटाला हात लावणं सोडलं. दोन घास खायची आणि उठायची. रात्री रुख्मिणीकडे पाठ करून निजायची. एकदा टिकारामजवळ ती बोलली, आणि त्यानं येऊन सांगितलं: "ती म्हनते, बाईनं वारा फिरवला म्हनून लगन जमलं. नाई तं राणी मोडनारच होती."

लग्नाला पाच दिवस राहिले होते. दुपारी मायनं पेटी उघडली, पुस्तक काढलं आणि रुख्मिणीच्या पुढ्यात टाकलं.

"पोट्टी जेवत नाई. वाच तिले."

"बाबा?"

"बाबाचं मी पाहून घेईन."

शामकला ढोलीपाशी येऊन बसली, पण तोंड भिंतीकडे. रुख्मिणीनं पुस्तक उघडलं नाही. ते मांडीवर ठेवून ती म्हणाली, "शामी, एक सांगते तुले. पान्याखालचा देश यात नाई. तो मी केला."

शामकला हलली नाही.

"राणी नाई. दार नाई. ते तुडुम आहे आपलं. मले बर्फ सांगता येत नोता, म्हनून मी ते मनानं केलं."

 मग भिंतीकडूनच आवाज आला, "आन् कोंबडा?"

"कोंबडा आहे. हा पाह्य, पुठ्ठ्यावर."

"सावल्यांचा बाजार?"

"आहे."

"झाडं चालते ते?"

"ते बी आहे. पन ते झाडं बोलते म्हनून मी सांगतलं, ते पुस्तकात नाई."

शामकला वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. "तं शेवटी काय होते ते सांग. खरं खरं. मनानं नाई."

हेच रुख्मिणीला नको होतं. शेवटचं प्रकरण तिनं गेल्या हिवाळ्यातच एकटीनं वाचून काढलं होतं आणि या दोघांना कधी सांगितलं नव्हतं. तिनं पान काढलं. एकेक ओळ वाचून सांगू लागली, आणि जो शब्द आला नाही तिथं थांबून म्हणाली, "इथं एक शब्द मले येत नाई." असं पुष्कळदा म्हणावं लागलं. गोष्ट लंगडत चालली. एका सकाळी वारा सुटतो, धाकटी दोघं कौलांवर चढतात, कोंबडा बोलतो. थोरलीही चढते. पण तिला लोखंड करकरल्याचा आवाज येतो, बाकी काही नाही. ती दोघांना विचारते, काय म्हणाला? ती सांगतात. ती म्हणते, मग जा तुम्ही. ती दोघं जातात. थोरली कौलांवर थोडा वेळ बसते. मग खालून आजोबा जेवायला हाक मारतात, आणि ती खाली उतरते.

"मंग?" टिकारामनं विचारलं.

"बस."

"ते दोघं वापस आले का नाई?"

"लिहिलं नाई."

"असं कसं? तू सांग ना, वापस आले म्हनून."

रुख्मिणीच्या जिभेवर आलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. ती म्हणाली, "पुस्तकात नाई ते."

शामकला पुस्तकाजवळ सरकली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिनं ती अक्षरं नीट पाहिली, जणू काही लपलंय का ते शोधत होती. बोट खाली कोऱ्या जागेत नेलं. मग म्हणाली, "पह्यल्यापासून वाच. या बारीनं सारं खरं."

"पाच दिवसांत नाई होनार."

"जेवढं होईन तेवढं. मंग टिक्या वाचन."

"मले कोठं येते इंग्रजी?" टिकाराम म्हणाला.

"बाई शिकवन. आतापासून."

रुख्मिणीनं पहिलं पान काढलं. टिकारामनं चुलीतला कोळसा आणून फरशीवर पहिलं अक्षर काढलं, ते उलटं निघालं, ते पुसून पुन्हा काढलं. माय दारात सूप घेऊन लग्नाचे तांदूळ निवडत बसली होती. पहिल्या पानाची चौथी ओळ झाली, तेव्हा तिनं सूप थांबवलं.

"लोखंडाचा कोंबडा," ती म्हणाली, "तं त्याले वरतं कोन चढवलं?"

"थांब ना माय," शामकला म्हणाली. "ते पुढं येईन. आन् नाई आलं तं नाई."

माय पुन्हा तांदूळ पाखडू लागली. रुख्मिणी पाचवी ओळ मनात वाचू लागली. त्यात एक शब्द तिला येत नव्हता. तिनं तसं सांगितलं आणि पुढे गेली.